गो शिकूया: बाजूवर दोन गोट्यांत अंतर किती ठेवायचं?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा गावाकडं रेंज नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय. शेजारी चौकटीचा कागद आणि पेन घेऊन बसलात तर जास्त कळेल.)

[००:००] सुरुवात

मागच्या भागात आपण ‘गो’चे नियम बघितले. त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला, त्याचा सारांश असा: नियम कळले, गोटी कशी मारायची ते कळलं, ९ बाय ९ च्या छोट्या पटावर मजा पण येते. पण १९ बाय १९ चा मोठा पट समोर आला की चार कोपऱ्यांत चार गोट्या पडतात, आणि पुढं काय करायचं तेच सुचत नाही. समोर नुसतं मोकळं रान.

हा प्रश्न वाचून मला हसू आलं, कारण माझं अगदी हेच झालं होतं. गेल्या वर्षी मी मोठ्या पटावर ऑनलाइन सलग अकरा डाव हरलो. अकरा! मारामारीत हरलो असतो तर वाईट वाटलं नसतं. पण नंतर काटागो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर डाव तपासले, तर बहुतेक डावांत माझा आलेख विसाव्या-तिसाव्या चालीच्या आसपासच खाली पडलेला. म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधीच मी मागं पडत होतो. आणि चूक प्रत्येक वेळी एकाच जागी होती: बाजूवर. कोपऱ्यात नाही, मध्यात नाही, पटाच्या कडेच्या पट्ट्यावर.

म्हणून आजचा भाग फक्त बाजूबद्दल. दोन कोपऱ्यांच्या मधला जो लांब पट्टा असतो, तिथं सुरुवातीला कुठं खेळायचं, किती लांब खेळायचं, आणि का.

नवीन लोकांसाठी दोन वाक्यांत उजळणी. गोमध्ये गोट्या चौकटीत नाही, रेषा जिथं छेदतात तिथं ठेवतात, आपल्या वाघ-बकरीसारख्या. १९ आडव्या, १९ उभ्या रेषा, म्हणून एकूण ३६१ बिंदू. एकदा ठेवलेली गोटी हलत नाही. चहूबाजूंनी कोंडली गेली तरच उचलली जाते. शेवटी ज्यानं जास्त मोकळी जागा वेढली, तो जिंकला. बस्स.

[०३:२०] आधी कोपरा का?

मी मूळचा कळंब तालुक्यातला, सध्या घरूनच काम करतो. मागच्या पावसाळ्याआधी आमच्या रानाला नवीन तारेचं कुंपण घातलं. सोयाबीन उगवून वर आलं की रानडुकरं येतात. ज्यांचं रान आहे त्यांना सांगायला नको, एका रात्रीत काय होतं ते. तर मी आणि वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दोघं खांब रोवायला.

आमच्या रानाच्या एका कोपऱ्याला दोन्हीकडून विहिरीची आणि ओढ्याची दगडी ताल आहे. तिथं तार लागतच नाही. त्या कोपऱ्यातला तुकडा राखायचा तर दोनच बाजू बंद करायच्या. बांधाला लागून असलेला तुकडा राखायचा तर तीन. रानाच्या मधोमध वाफा राखायचा तर चारही. तार तेवढीच, पण राखलेली जमीन वेगवेगळी.

गोमध्ये हाच हिशेब आहे, आणि तो मोजता येतो. समजा तुम्हाला ३ बाय ३, म्हणजे ९ बिंदूंची जागा वेढायचीय. कोपऱ्यात ६ गोट्या लागतात, कारण दोन बाजू पटाची कडच सांभाळते. बाजूवर ९ लागतात. मध्यात १२. कागदावर काढून मोजा, पटेल. म्हणून सगळीकडं क्रम तोच शिकवतात: आधी कोपरा, मग बाजू, मग मध्य.

पण ‘मग बाजू’ म्हणजे नेमकं काय? माझी पहिली चूक इथंच होती. मला वाटायचं, बाजूवर खेळणं म्हणजे जागा बळकावणं. जितकं लांब जाऊ तितकी जास्त जागा आपली. हे चूक आहे. बाजूवरच्या सुरुवातीच्या चालीचं मुख्य काम जागा घेणं नाहीच. आधीपासून असलेल्या गोटीला टेकायला जागा देणं, हे तिचं काम. जागा त्यातून आपोआप येते.

[०६:४५] कितव्या रेषेवर?

अंतराकडं जायच्या आधी उंची. पटाच्या अगदी कडेची ती पहिली रेष, तिथून आत मोजायचं.

सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या चाली तिसऱ्या किंवा चौथ्या रेषेवर पडतात. यामागचं गणित मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. कल्पना करा, काळ्यानं चारही बाजूंनी तिसऱ्या रेषेवर पूर्ण चौकट बांधली. त्याला ५६ गोट्या लागतात, आणि चौकटीच्या बाहेर, कडेकडं, १३६ बिंदू मिळतात. आता पांढऱ्यानं चौथ्या रेषेवर चौकट बांधली. त्याला ४८ गोट्या लागतात, आणि आत मध्यभागी १२१ बिंदू मिळतात. गोटीमागं किती मिळाले ते काढा: काळ्याला साधारण २.४, पांढऱ्याला २.५. जवळजवळ बरोबरी! म्हणजे तिसऱ्या रेषेवरचा खेळाडू कडेची जागा घेतोय, चौथ्या रेषेवरचा मध्याकडं वजन टाकतोय, आणि सौदा दोघांनाही परवडतोय.

हेच दुसऱ्या रेषेवर करून बघा. ६४ गोट्या लागतात आणि मिळतात फक्त ७२ बिंदू. गोटीमागं एकाच्या थोडं वर. म्हणून सुरुवातीला दुसऱ्या रेषेवर सरपटत जाणं म्हणजे तोट्याचा धंदा.

आणि उलट, समोरच्याला आपणच चौथ्या रेषेवर ढकलत नेलं, तर कडेची सगळी जागा त्याची. चौथ्या रेषेच्या चौकटीबाहेर १९२ बिंदू आहेत, ४८ गोट्यांत. गोटीमागं ४! हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर तिसरी रेष म्हणजे पाया, चौथी रेष म्हणजे पोच. सगळ्या गोट्या तिसरीवर असतील तर तुम्ही चपटे होता, सगळ्या चौथीवर असतील तर खालून कुणीही शिरतं. म्हणून चांगले खेळाडू एक खाली, एक वर अशी सरमिसळ ठेवतात.

[१०:३०] अंतर किती?

आता मुख्य मुद्दा. पुन्हा कुंपणावर येतो.

मी काय केलं, खांबांचा खर्च वाचावा म्हणून मोबाइलवर हिशेब केला आणि अंतर वाढवलं. दोन-तीन खड्डे घेतले पण. अण्णा आले, बघितलं आणि म्हणाले, “आरं, एवढ्या लांब खांब रोवल्यावर तार ढिली पडंल की. डुक्कर काय वरून उडी मारत नसतंय, खालून शिरतंय.”

मी म्हणालो, “मग जवळजवळ रोवू?”

“तेवढे खांब काय तुझी कंपनी देणाराय?”

त्या रात्री डाव तपासताना एकदम लक्षात आलं, की पटावर मी अगदी तेच करत होतो. एका गोटीपासून चार-पाच बिंदू लांब उडी. दिसायला ऐसपैस. समोरचा मध्ये शिरला की दोन्ही गोट्या एकेकट्या, आणि मग पुढचे तीस डाव-पेच नुसतं जीव वाचवत पळायचं.

बाजूवर आपल्या गोटीपासून कडेला समांतर जी चाल खेळतात, तिला जपानीत ‘हिराकी’ म्हणतात. आपण ‘पसरण’ म्हणू. तिचा पहिला नियम: तिसऱ्या रेषेवर एकटी गोटी असेल, तर दोन बिंदू रिकामे सोडून पुढची गोटी ठेवायची. दोनच का?

कागदावर एका ओळीत चार बिंदू काढा. पहिल्यावर आणि चौथ्यावर तुमच्या गोट्या, मधले दोन रिकामे. आता समोरचा मध्ये, दुसऱ्या बिंदूवर शिरला. तुम्ही तिसऱ्यावर गोटी ठेवून त्याला दाबता. तो वर पळाला, तर तुम्ही खालून, दुसऱ्या रेषेवरून, दोन्हीकडच्या गोट्या जोडून घेता. तो खाली शिरला, तर तुम्ही वरून झाकण लावता आणि तो आत गुदमरतो. दोन्ही बाजूंनी तुमचं भलं. म्हणून दोन बिंदूंची पसरण तुटत नाही असं धरून चालतात. आणि तेवढ्या रुंदीत गरज पडली तर दोन डोळे करून जगायला साधारण जागा होते. म्हणजे तो गट आता घरदार असलेला झाला, बेघर नाही.

एकच बिंदू सोडला तर? पक्कं आहे, पण चिंचोळं. खांब जास्त, रान कमी. समोरचा दुसरीकडं मोठी जागा घेऊन जातो.

तीन सोडले तर? शिरणारा मधोमध बसतो, त्याला डावीउजवीकडं एकेक मोकळा बिंदू मिळतो, आणि आता तो आरामात वळवळू शकतो. तुमच्या दोन गोट्यांची फारकत होऊ शकते.

पण तुमच्याकडं एकाऐवजी दोन गोट्यांची उभी भिंत असेल, एक तिसऱ्या रेषेवर, एक तिच्या डोक्यावर चौथ्या रेषेवर, तर तीन बिंदू सोडता येतात. मध्ये शिरणाऱ्याला भिंतीतली वरची गोटी पळू देत नाही. तीन गोट्यांची भिंत असेल तर चार. सूत्र सोपं आहे: भिंतीत जितक्या गोट्या, त्यात एक मिळवा, तेवढे बिंदू सोडा. चिनी आणि जपानी खेळाडू ही म्हण लहान मुलांना पाठ करून घेतात.

कुंपणातही हेच. आम्ही कोपऱ्यातल्या खांबाला दोन्हीकडून तिरके टेकू दिले, तेव्हा कुठं तार खेचून बांधता आली. ताण धरणारा खांब भक्कम असेल तर तार लांब ओढता येते. मागं जोर किती, त्यावर पुढचं पाऊल किती लांब ते ठरतं.

फरक एवढाच की रानात डुक्कर आपल्यानंतर येतं. पटावर ते एक चाल आड तुमच्यासोबतच खांब रोवत असतं.

[१६:१०] कुठल्या दिशेला?

अंतर कळलं, पण चार बाजू आहेत, आधी कुठली? मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

एक, माझी कुठली गोटी बेघर आहे? तिला आधी जागा द्यायची. घर नसलेली गोटी पुढं कर्जासारखी वाढत जाते.

दोन, एका चालीत दोन कामं होतात का? मला जिथं पसरायचंय, तीच जागा समोरच्यालाही पसरायला हवी असेल, तर ती चाल दुप्पट मोलाची. मी घेतली की माझं घर होतं आणि त्याचं होत नाही.

तीन, मी कुणाच्या भिंतीजवळ तर जात नाही ना? समोरच्याच्या भक्कम भिंतीशेजारी गोटी ठेवणं म्हणजे स्वतःहून कोंडवाड्यात जाणं. आणि आपल्याच भिंतीला चिकटून खेळणं म्हणजे दगडी तालीला लागून परत तार मारणं. दोन्ही वाया.

अख्खी बाजू समोरच्याची होतेय असं वाटलं तर काय? मग त्याच्या दोन कोपऱ्यांच्या साधारण मधोमध, तिसऱ्या रेषेवर एक गोटी टाकायची, पण अशा जागी की डावीकडं पण दोन बिंदूंची पसरण उरते आणि उजवीकडं पण. त्यानं डावीकडून दाबलं की आपण उजवीकडं पसरायचं, उजवीकडून दाबलं की डावीकडं. दोनपैकी एक रस्ता नक्की मिळतो, म्हणून आत शिरायला भीती नाही. जपानीत या मधल्या गोटीला ‘वारीउची’ म्हणतात.

आता याच्या उलटा विचार बघा, तो तर फारच सुंदर आहे. १९६० च्या दशकात चीनच्या चेन झुद यांनी एक सुरुवात लोकप्रिय केली, तिला आज सगळे ‘चिनी सुरुवात’ म्हणतात. काळा एका बाजूचे दोन्ही कोपरे घेतो, पण त्यातला एक कोपरा बंद करायच्या ऐवजी बाजूवर मधल्या भागात एक गोटी टाकतो. वरवर बघितलं तर ती एकटी, कोपऱ्यापासून लांब. मग तिचा उपयोग? पांढरा त्या उघड्या कोपऱ्याजवळ शिरला, तर त्याला पसरायला दोन बिंदूंची मोकळी जागाच उरत नाही! ती जागा आधीच त्या गोटीनं खाल्लेली असते. म्हणजे ज्या नियमानं आपण आपलं घर बांधतो, त्याच नियमानं समोरच्याचं घर होऊ द्यायचं नाही. हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की बाजू म्हणजे नुसता पट्टा नाही, दोघांच्या घरांचा वाद आहे.

[२१:००] नियम मोडणारे

आता तुम्ही म्हणाल, एवढे नियम आहेत तर सगळे सारखंच खेळत असतील. तसं नाही. नियम दर काही वर्षांनी हलतात.

१९३३ साली जपानमध्ये गो सेईगेन आणि कितानी मिनोरू या दोन तरुण खेळाडूंनी सुरुवातीची पद्धतच हलवली. तोपर्यंत प्रतिष्ठित पद्धत म्हणजे तिसऱ्या रेषेला धरून कोपरे बंद करायचे आणि शांतपणे बाजूंवर जायचं. या दोघांनी चौथ्या रेषेवरच्या आणि मध्याकडं बघणाऱ्या चालींना मान मिळवून दिला. त्याच वर्षी गो सेईगेन तेव्हाचे सर्वोच्च खेळाडू होनिनबो शूसाई यांच्याशी खेळले. त्यांच्या पहिल्या तीन चाली: कोपऱ्यातला ३-३ चा बिंदू, समोरच्या कोपऱ्यातला ४-४ चा बिंदू, आणि थेट पटाचा मध्यबिंदू. केवढी खळबळ झाली असेल! डाव शूसाई २ गुणांनी जिंकले, पण विचार मात्र बदलला तो बदललाच.

दुसरा धक्का आपल्या डोळ्यांदेखत बसला. मार्च २०१६, सोल. गुगल डीपमाइंडचा अल्फागो विरुद्ध ली सेडोल. १० मार्चच्या दुसऱ्या डावात ३७ वी चाल. ली यांची एक गोटी उजव्या बाजूला चौथ्या रेषेवर होती. अल्फागोनं तिच्या खांद्यावर, पाचव्या रेषेवर गोटी ठेवली.

आता मघाचा आकडा आठवा. समोरच्याला चौथ्या रेषेवर ढकलणं म्हणजे गोटीमागं ४ चा दर त्याला देऊन टाकणं. कुठलाही शिक्षक म्हणाला असता, असं करू नकोस. समालोचकांना आधी वाटलं, चाल चुकून दुसऱ्याच बिंदूवर दाखवली गेली. अल्फागोच्या स्वतःच्या अंदाजानुसार माणूस ही चाल खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक होती. ली सेडोल यांनी उत्तर द्यायला दहा मिनिटांहून जास्त घेतली. पुढं पटभर इतरत्र लढाया झाल्या आणि ती पाचव्या रेषेवरची गोटी हळूहळू सगळीकडं मदतीला आली. तो डाव अल्फागो जिंकला, मालिका ४-१.

मग जुने नियम खोटे ठरले का? मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, म्हणून हा प्रश्न मला जास्त सतावत होता. त्याचं उत्तर मला ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या अल्फागो झीरोमध्ये सापडलं. पहिल्या अल्फागोला माणसांचे डाव दाखवून शिकवलं होतं. झीरोला माणसांचा एकही डाव दाखवला नाही. फक्त नियम दिले आणि स्वतःशी खेळायला सोडलं. सुरुवातीला तो कुठंही गोट्या टाकायचा. शिकत शिकत तो कुठं पोचला? आधी कोपरा, तिसरी-चौथी रेष, मग बाजू. म्हणजे हजारो वर्षांत माणसांनी जे शोधलं, ते नुसती परंपरा नव्हती. पटाच्या आकारातच ते गणित होतं. आणि ली यांना हरवणाऱ्या आवृत्तीला त्यानं १००-० हरवलं.

बदललं ते वजन. आजचे प्रोग्रॅम बाजूवर घाई करत नाहीत. कोपऱ्यात काही राहिलं असेल तर आधी ते करतात, समोरच्याच्या कोपऱ्यात ३-३ वर फार लवकर शिरतात, आणि बाजूवरची मोठीशी दिसणारी पसरण ‘नंतर बघू’ म्हणून ठेवतात. समोरच्यानं बाजूवर मोठी चौकट आखली तरी घाबरत नाहीत, वरून हलकेच दाबून ती चपटी करतात. पण बेघर गोटीला घर द्यायचं, हे तेही विसरत नाहीत.

म्हणून मी नवीन लोकांना सांगतो, ३७ वी चाल बघून उद्या पाचव्या रेषेवर खेळायला जाऊ नका. नियमामागचं कारण ज्याला माहीत आहे, त्यालाच तो कधी मोडायचा ते कळतं. मी अकरा डाव कारण न समजता ‘धाडसी’ खेळून हरलो.

[२७:४०] घरचा अभ्यास

पट नाही म्हणून अडू नका. इथं धाराशिवमध्ये मलाही दुकानात पट मिळाला नाही. शाळेच्या चार्ट पेपरवर १९-१९ रेषा मारल्या, काळ्यांसाठी चिंचोके, पांढऱ्यांसाठी शर्टाची बटणं. सुरुवातीच्या अभ्यासाला प्रत्येकी चाळीस-पन्नास पुरतात.

तीन गोष्टी करा. पहिली, ३ बाय ३ ची जागा कोपऱ्यात, बाजूवर आणि मध्यात वेढून गोट्या मोजा. दुसरी, दोन बिंदूंची पसरण मांडा आणि स्वतःच समोरचा होऊन ती तोडायचा प्रयत्न करा. मग तीन बिंदूंची मांडा आणि तोडा. फरक हाताला कळेल. तिसरी, पुढच्या डावात तिसाव्या चालीला थांबा आणि एकच बघा: माझी कुठली गोटी बेघर आहे?

मी बाराव्या डावात हे केलं. डाव्या बाजूला माझी एक एकटी गोटी होती, आणि हात नेहमीसारखा पाच बिंदू लांब जायला शिवशिवत होता. दोन बिंदू सोडले आणि गप्प बसलो. डाव हरलो. पण साडेतीन गुणांनी, शेवटची गोटी ठेवेपर्यंत, एकही गट न मरता. अकरा डावांत पहिल्यांदा मला पट शेवटपर्यंत खेळायला मिळाला. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “हरलास ना शेवटी?” त्यांचंही बरोबर आहे.

कुंपण विचाराल तर अण्णांच्याच अंतरानं रोवलं. माझे ते तीन खड्डे परत बुजवायला मलाच लावलं.

पुढच्या भागात कोपऱ्यात शिरलेल्या पाहुण्याचं काय करायचं ते बघू. तोपर्यंत तुमचे डाव पाठवा, हरलेले जास्त पाठवा. भेटू.